कात्री आमच्याकडे खिळ्याला असते

कॉफीचं पाकीट फोडायला कात्री हवी होती आणि ती नेहमीसारखी जागेवर नव्हती, म्हणून मी ओट्याखालचा ड्रॉवर उपसत होते. मुंगी मागे दाराला टेकून फोनमध्ये बघत उभी होती. मुंगी म्हणजे माझी मुलगी. लहानपणी सतत काहीतरी उचलून या खोलीतून त्या खोलीत नेत असायची, म्हणून मुंगी. फोनमधून डोकं वर न काढताच ती म्हणाली, "कात्री आमच्याकडे खिळ्याला असते." बस्स, एवढंच. माझा हात ड्रॉवरमध्ये तसाच राहिला. हाताला संपलेले सेल लागत होते, रबरबँड, बिनटोपणाचं पेन, कसलीशी किल्ली. मी एकेक वस्तू चाचपत राहिले, म्हणजे मी अजून कात्रीच शोधते आहे असं दिसावं. मुंगीने पाकीट माझ्या हातातून घेतलं, दातांनी कोपरा तोडला, तुकडा बेसिनमध्ये थुंकला आणि "तू पण ना आई" म्हणून बाहेर गेली. तिला कळलंसुद्धा नाही. कळलं असतं, तिने जीभ चावली असती, तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण ती सहज म्हणाली, आणि मला लागलं ते त्या सहजपणानेच.

कुणी म्हणेल, बाई, एका शब्दाला काय धरून बसलात. धरून बसले खरी. 'आपल्याकडे' आणि 'आमच्याकडे' यांतला फरक शाळेत कुणी शिकवत नाही, पण बोबडं बोलणारं पोरही त्यात चुकत नाही. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत असतो. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर, आणि दार लावल्याचा आवाजही होत नाही. मला तो शब्द ऐकू आला आणि लगेच आठवली माझी आई, हातात गाळणी धरलेली. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा चहाचा घोट घेऊन मी म्हणाले होते, "आमच्याकडे साखर कमी घालतात." ती म्हणाली, "बरं बाई, घालत असतील तुमच्याकडे." आणि हसली. मीही हसले. काय मोठी मी, नवं घर मिळालेली! निघताना दर वेळी तिला म्हणायचे, "तू पण ये की गं आमच्याकडे, चार दिवस राहा." ती म्हणायची, "येईन हं. सवड झाली की नक्की येईन." बाबा गेल्यावर ती एकटीच होती. दुपारभर खिडकीशी बसून शब्दकोडी सोडवायची. कसली सवड नव्हती तिला? एकदाही आली नाही. मला राग यायचा, जावयाचं घर म्हणून उगाच मिजास करते असं वाटायचं. मग ती गेली, त्यानंतर काही वर्षांनी माझं ते नवं घरही मोडलं, आणि कुणाला बोलवताना 'आमच्याकडे' म्हणावं असं माझ्यापाशी काही उरलं नाही. आता आमच्याकडे म्हणजे कोण? मी आणि फ्रिज.

पण माझी मुलगी काही लग्न होऊन गेलेली नाही. ती अजून शाळेत आहे, आणि तिकडे, तिच्या बाबांच्या घरी, गेली ती माझ्याच हाताने. मुंगीला दगडांचं वेड. इतर पोरी आरशासमोर उभ्या राहायच्या त्या वयात ही खिडकीच्या कठड्यावर दगड मांडून बसायची; हा थंड झालेला लाव्हा, हा समुद्रातला, याच्यावर लिंबू पिळलं की फसफसतं. घरातलं एकेक लिंबू त्या फसफसण्यात गेलं. तिला शिकायचं होतं ते एकाच ठिकाणी, तिच्या बाबांच्या शहरातल्या सरकारी विद्यापीठात. भूगर्भशास्त्राचा तसा विभाग दुसरीकडे नाही म्हणतात, आणि सरकारी म्हणून माझ्यासारखीच्या आवाक्यातला. पण जागा बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त त्या भागातल्या रहिवासी मुलांसाठी राखून ठेवलेल्या, आणि उरलेल्यांवर बाहेरची सगळी दुनिया तुटून पडते. रहिवासी म्हणजे शाळेची शेवटची दोन वर्षं तिथे प्रत्यक्ष राहिलेला. हे सगळं मला समजावलं ते अर्जवाल्या बाईंनी. मुलांचे अर्ज तयार करून देणं हाच त्यांचा धंदा. जाड भिंगांचा चष्मा, सदा सर्दी झालेली, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण आजवर झोपा काढत होतो असं वाटावं. "अर्ज भरायचा नसतो हो," त्या म्हणाल्या, "घडवायचा असतो. विषय बरोबर घेतलेत. मार्क आहेत. प्रवेशपरीक्षेची तयारी मी करून घेते. शिफारस विज्ञानाच्या सरांची घ्या, मुख्याध्यापकांची नको, त्यांना मुलं चेहऱ्याने ओळखत नाहीत. सुट्टीत कुठल्यातरी संग्रहालयात काम करू द्या, दगड पुसायचं का असेना. निबंध शेवटी बघू. आता मला सांगा, वडील कुठे असतात?" मी सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. "अहो, मग बसलाय काय!"

मुंगीच्या बाबांना मी मनातल्या मनात लिफ्टवाला म्हणते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे तो. आमचं भांडणाने मोडलं असंही नाही. त्याची बदली झाली, मी इथली रुग्णालयातली नोकरी सोडली नाही, आधी आठवड्याने येणारा मग महिन्याने यायला लागला, आणि एक दिवस आम्हा दोघांच्याही लक्षात आलं की यायचं राहूनच गेलंय. त्याने पुढे दुसरं लग्न केलं. बाई चांगली आहे. हे मला नाइलाजाने म्हणावं लागतं, कारण वाईट असती तर फार बरं पडलं असतं. मुंगी तिला मावशी म्हणते. त्यांची एक धाकटी आहे, तेव्हा जेमतेम चालायला लागलेली, तिला ठकी म्हणतात. तर मीच त्याला फोन केला. दोन वर्षं मुंगीला ठेवून घे म्हणाले. त्याने आधी मागचा टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "तुला चालेल?" मी फटकन म्हणाले, "माझ्या चालण्याचा प्रश्न नाहीये, तिच्या जागेचा प्रश्न आहे." किती रुबाबात म्हणाले होते! ते वाक्य मी नंतर कित्येकदा मनात म्हणून बघितलंय आणि दर वेळी ते थोडं थोडं पोकळ वाजतं. मुंगी रडली, नाही जाणार म्हणाली, दार आपटलं. मी दाराबाहेर उभी राहून म्हणाले, हे बघ, ते वसतिगृह समज. शाळा तिकडे, शनिवार-रविवार इकडे. घर हेच आहे. घर काय पळून जातंय?

आणि मग मी तिची तयारी करून घ्यायला बसले. विद्यापीठात मुलाखत होते, आणि अर्जवाल्या बाईंनी एक गोष्ट सांगून माझी झोप उडवली होती. आदल्या वर्षी त्यांच्याकडे अर्जाला आलेला एक मुलगा, मार्क असे की बघत राहावं, अर्जात पत्ता काकांचा; मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, कुठे राहतोस बाळ? तर म्हणाला, "काकांकडे." झालं. एका शब्दात सगळं बाहेर. जो स्वतःच्या घरी राहतो तो कुणाकडे राहत नाही. मी घरी येऊन मुंगीला समोर बसवलं, ओट्यापाशी, मी कपडे वाळवायच्या दांडीवर टाकत होते. "कुठे राहतेस?" ती म्हणाली, "बाबांकडे." मी म्हणाले, "चूक. बाबांकडे माणूस सुट्टीला जातं. पुन्हा." "घरी." "कुणाच्या?" ती नखं बघायला लागली. "कुणाच्या गं?" "आमच्या," ती म्हणाली, पण अशी की कुणीतरी चिमटा काढून बोलायला लावावं. "आमच्या म्हणजे कोण कोण?" "बाबा, मावशी, ठकी आणि मी." "आणि आई?" तिने माझ्याकडे बघितलं. मी ओला टॉवेल झटकला. "आणि आई?" "आई दुसरीकडे असते. मी तिला भेटायला जाते कधी कधी." "कधी कधी म्हणताना अडखळू नकोस," मी म्हणाले, "पुन्हा." दर शनिवारी ती तालीम. दुपारी भांडी पुसताना, बस-थांब्यावर उभं असताना, केस विंचरताना. कुठे राहतेस, घरी, कुणाच्या, आमच्या. पुढे पुढे ती गंमत झाली. ती बातम्या देणाऱ्या बाईसारखा आवाज काढायची, "आमच्या घरी आम्ही चौघे राहतो," आणि आम्ही दोघी खुदखुदून हसायचो. हसताना मला एवढंच कळत होतं की आता तिची जीभ अडत नाही. मी खूश होते. मी तिला शाबासकी देत होते.

माझं कामच तसलं आहे, पुन्हा म्हणायचं. मी एक्स-रे काढते. अर्ध्या भिंतीएवढी शिसं घातलेली काच, तिच्यामागे मी, समोर टेबलावर माणूस उघडा पडलेला. श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा. माणसं काय मुकाट ऐकतात! साहेब असो, हमाल असो, रोखा म्हटलं की रोखतात, आणि मी सोडा म्हणायला जरा उशीर केला तर तशीच गाल फुगवून माझ्याकडे बघत राहतात. एकदा दुपारी कुणी नव्हतं तेव्हा मी मुंगीचे दगड डब्यातून नेले आणि प्लेटवर मांडून त्यांची फिल्म काढली. वरून सगळे सारखे राखाडी. आत एकाच्या पोटात पोकळी, एकाच्या आत शिंपल्याची वळी, पूर्ण, जशीच्या तशी. मुंगी ती फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवून कितीतरी वेळ नुसती बघत उभी होती. तिचं दगडांचं वेड पोरखेळ राहिलं नाही ते त्या दिवसापासून, असं तीच म्हणायची. अर्जातल्या निबंधाची सुरुवात तिने त्याच फिल्मने केली होती. 'माझ्या आईने एके दिवशी माझ्या दगडांचे एक्स-रे काढून आणले.' वाचून माझे डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू. अर्जवाल्या बाईंनी वाचलं, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण आई फार येतेय हो. वाचणाऱ्याला वाटेल पोरगी आईपाशीच असते. आई जरा कमी करा." मुंगी म्हणाली, नाही करणार. मी म्हणाले, आण इकडे. पेन घेऊन मीच बसले. 'माझ्या आईने' खोडलं आणि वर लिहिलं, 'रुग्णालयातल्या एका तंत्रज्ञ बाईंनी'. पुढे एका ठिकाणी 'आई म्हणाली' होतं तिथे 'त्या म्हणाल्या' केलं. वाक्यं आपली सरळ बसली, कुठे ओढाताण झाली नाही. निबंध आधीपेक्षा घट्ट झाला असं बाई म्हणाल्या, आणि मलाही तसंच वाटलं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. मुंगी म्हणाली, "तंत्रज्ञ बाई, चहा घेणार?" आम्ही पुन्हा हसलो. नंतर काही दिवस ती फोनवरही मला तंत्रज्ञ बाई म्हणायची. मग तेही बंद झालं.

पहिल्या वर्षी ती दर शनिवारी यायची, पाठीवरची पिशवी दाराशी टाकून आधी फ्रिज उघडायची, मग मला मिठी मारायची, याच क्रमाने. मग तिकडे शनिवारी सराव वर्ग निघाले, मग संग्रहालयात दगड पुसायचं काम, ते मीच लावायला सांगितलेलं, मग ठकीला ताप, मग एका मैत्रिणीचा वाढदिवस. आली तरी रविवारी दुपारीच निघायची. निघताना पिशवी फुगलेली असायची. निळं पांघरूण, म्हणे तिकडचं टोचतं. टेबलावरचा दिवा. दगडांचे खोके, कारण तिकडे मांडायला कपाट आहे. मी घड्या करून देत होते, दिवा कागदात गुंडाळून देत होते, वर म्हणत होते, अजून काही राहिलंय का बघ. आईनेच म्हणायचं ना ते? सगळ्या आया म्हणतात. सोमवारी काचेमागे उभी राहून कुणाच्या तरी बरगड्या बघताना मला एकदम वाटायचं की आत्ता, या क्षणी, ती कुठल्यातरी खोलीत मी कधी न बघितलेल्या खुर्चीवर बसून मी कधी न ऐकलेलं काहीतरी बोलत असेल. आणि समोरचा माणूस गाल फुगवून थांबलेला असायचा. सोडा, सोडा, मी घाईने म्हणायचे. एकदा एक म्हातारे गृहस्थ कपडे चढवताना म्हणाले, "बाई, मला वाटलं तुम्ही विसरलातच." मी हसले. त्या दिवशी उगाचच त्यांचा राग आला.

तर तो कात्रीचा शनिवार. कॉफी करून मी तिच्या समोर बसले. मला तो शब्द गिळवेना आणि बोलवेना. शेवटी म्हणाले, "कुणाकडे असते म्हणालीस?" "काय कुणाकडे?" "कात्री." तिने फोन खाली ठेवला. "कात्री? आमच्याकडे, तिकडे. मावशीने ओट्याशेजारी खिळा ठोकलाय. तू पण ठोक ना एक, दर वेळी शोधत बसतेस." मी म्हणाले, "आपल्याकडे भिंत कच्ची आहे, खिळा राहत नाही." 'आपल्याकडे'वर जोर दिला, मुद्दाम, पोरकटपणे. ती म्हणाली, "बाबांना सांगू का? ते ड्रिल घेऊन येतील. तुझ्याकडच्या भिंतीला प्लग लागेल." तुझ्याकडच्या. वा! एवढं चोख तर मी शिकवलंही नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, अगं, ती तालीम होती, ते फक्त मुलाखतीपुरतं होतं, माझ्यासमोर कशाला! पण ती कॉफी पीत होती, नाकाच्या शेंड्याला फेस लागला होता, आणि चेहरा इतका निवांत होता की तिला काही समजावून सांगणं म्हणजे झोपलेल्या माणसाला हलवून तू झोपलायस असं सांगण्यासारखं झालं असतं. मुलाखत तर महिन्यापूर्वीच होऊन गेली होती. तिने मला फोन करून सांगितलं होतं की कुठे राहतेस हे त्यांनी विचारलंच नाही. सगळा वेळ दगडांवरच गेला.

विचारणारा माणूस माझ्याकडे येणार होता. पुढच्या आठवड्यात विद्यापीठातून फोन आला. तात्पुरत्या यादीत नाव आहे, निवासाची पडताळणी बाकी आहे. मुलगी आधी या पत्त्यावर होती, तेव्हा आमचा माणूस दोन्ही घरी येऊन बघून जाईल. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अर्जवाल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "घाबरायचं काय त्यात? दोन वर्षं तिकडच्या शाळेत हजेरी आहे. पण ही माणसं डोळ्यांना दिसतं त्यावर जातात. तिची खोली, तिचे कपडे, दात घासायचा ब्रश असलं काही दिसलं तर म्हणतील, कागदावर तिकडे आणि मुक्काम इकडे. घर जरा आवरून ठेवा." आवरून ठेवा म्हणजे काय ते मला कळलं. मी रजा टाकली. माळ्यावरची सगळ्यात मोठी बॅग काढली, प्रवासाची, चाकांची, जिच्यात पूर्वी तिघांचे कपडे मावायचे. ती फरफटत मुंगीच्या खोलीत नेली, पलंगावर उघडून ठेवली, पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या. आता काय काय लपवावं लागणार, किती वेळ लागेल, बॅग भरली की शेजारणीकडे ठेवायची, तिला काय सांगायचं, सगळं मनात ठरवलं होतं. कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात एक स्वेटर, तिला आता दंडात न बसणारा. खाली माझ्याच जुन्या चादरी. टेबलाच्या खणात वाळलेला डिंक आणि तुटकी पट्टी. न्हाणीघरात गेले तर ब्रश एकच, माझा. ती येताना स्वतःचा घेऊन येते, पाहुणे आणतात तसा. कधीपासून? पलंगाखाली वाकून बघितलं, एक चप्पल मिळाली, एकाच पायाची. खिडकीच्या कठड्यावर दगडांचे गोल डाग होते, ते ओल्या फडक्याने पुसले तर निघाले. मी अजून काहीतरी सापडेल म्हणून गाद्या उचलल्या, खालची धूळ झाडली, माझ्याच कपाटात शोधलं. बॅगेचा तळसुद्धा झाकला गेला नाही. स्वेटर, चप्पल, केसांची एक पिन. मुंगीने एकेक करून सगळं नेलं होतं, आणि मी घड्या घालून देत होते. मी त्या उघड्या बॅगेशेजारी बसले आणि ढसाढसा रडले. मग तोंड धुतलं, कारण माणूस यायची वेळ झाली होती. बॅग तशीच, जवळजवळ रिकामी, परत माळ्यावर टाकली.

पडताळणीवाले गृहस्थ जिना चढून आले ते धापा टाकतच. उतारवयाचे, खांद्याला कापडी पिशवी, बूट दारातच काढू का म्हणून विचारणारे. त्यांना पाणी दिलं. छातीत घरघर होती, सवयीने माझं लक्ष तिकडेच गेलं. त्यांनी खोल्या बघितल्या, म्हणजे दारात उभं राहून नुसती मान फिरवली. मुंगीच्या पलंगावर मी इस्त्रीचे कपडे टाकले होते. "ही तिची खोली होती," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले. मग खुर्चीवर बसून पेन झटकलं. "मुलगी तुमच्यापाशी राहत नाही, बरोबर?" याच प्रश्नासाठी मी दोन वर्षं तिची जीभ वळवली होती, आणि माझी स्वतःची वळवायचं तो फोन येईपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. आदल्या दिवशी बसमध्ये मी मनात म्हणून बघितलं होतं. दर वेळी 'तिकडे' म्हणताना जीभ अडायची. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, लहानपणापासून. आता होतील, म्हणून मी केस कानांवर ओढून घेतले होते. "नाही," मी म्हणाले. "ती तिच्या घरी असते. तिचे बाबा, मावशी, धाकटी बहीण आहे. इथे येते ती भेटायला. कधी कधी." कधी कधी म्हणताना मी अडखळले नाही. कान गार होते. जीभ कुठेच अडली नाही, आवाज साफ. खोटं बोलायची एवढी तयारी करून बसले होते आणि शेवटी बोलले ते खरंच. गृहस्थांनी लिहून घेतलं, पिशवी उचलली आणि हसून म्हणाले, "झालं बाई. मी तीस वर्षं हेच करतोय. खोटं बोलणारे आधी पाणी पितात. तुम्ही पटकन बोललात, शंकेला जागाच नाही." दारात बूट चढवता चढवता म्हणाले, "हुशार आहे मुलगी. येत जाईल हो तुमच्याकडे." मी म्हणाले, छातीचा फोटो काढून घ्या एकदा, घरघर ऐकू येतेय. ते हो हो म्हणत जिना उतरले. कठड्याला धरून मी खाली बघत राहिले, ते दिसेनासे झाले तरी.

संध्याकाळ व्हायच्या आत मुंगीचा फोन आला. मागे ठकीचं किंचाळणं, भांड्यांचा आवाज, कुणीतरी हसत होतं. "आई, आले होते ते? काय म्हणाले?" "म्हणाले, शंकेला जागाच नाही." तिने फोन बाजूला घेऊन ओरडून सांगितलं, "झालं! आईकडचं झालं!" आणि तिकडे एकच गलका उडाला, लिफ्टवाल्याचा आवाज ओळखू आला, मावशीचाही. मग ती परत फोनवर आली, रडत होती, हसत होती. "आई, तू ग्रेट आहेस. खरंच. हे सगळं तुझ्यामुळे झालं, कळतंय का तुला?" कळतंय, मी म्हणाले. तिकडची पडताळणी आधीच झाली होती, म्हणजे तिची जागा पक्की झाली होती. तिला हवं ते मिळालं होतं, मी म्हणाले होते तसंच झालं होतं, आणि मला आनंद झाला होता, मनापासून झाला होता. म्हणूनच तो सहन होत नव्हता. "ऐक ना," ती म्हणाली, "रविवारी ये ना तू आमच्याकडे. मावशी म्हणतेय, जेवायलाच या. माझे दगड बघ, कपाटात कसले भारी दिसतात. तू बघितलंच नाहीयेस काही. येशील?"

फोन कानाला धरून मी ओट्यापाशी उभी होते. ड्रॉवर त्या कात्रीच्या शनिवारपासून अर्धा उघडाच होता आणि त्यात अगदी वरती, समोर, कात्री पडलेली होती.

"येईन हं," मी म्हणाले. "सवड झाली की नक्की येईन."

"नक्की हं?" ती म्हणाली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला. मी ड्रॉवर लावला. रविवारी मला सुट्टीच असते.